सरासरी ओढून नेणारे आकडे

सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांचा एक स्तंभ निवडून आज्ञा दिली की सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन आणि चतुर्थके क्षणात पडद्यावर उमटतात. नेमक्या या सोयीमुळेच ती मूल्ये कोणत्या सूत्राने आली, त्यांत कोणत्या नोंदी धरल्या गेल्या आणि कोणत्या गळल्या, याची चौकशी करण्याचे राहून जाते. प्रबंध, सर्वेक्षणाचा अहवाल किंवा कार्यालयीन माहितीचे विश्लेषण करणाऱ्यांना या चौकशीची सवय लागावी, यासाठी पुढील विवेचन एका खऱ्या आणि छोट्या आकडेसंचाच्या आधारे केले आहे. हा संच आर या मोफत सॉफ्टवेअरच्या ‘मास’ नावाच्या पॅकेजमध्ये ‘न्यूकॉम’ या नावाने उपलब्ध असल्यामुळे वाचकाला प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहता येईल.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकॉम यांनी १८८२ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी जे प्रयोग केले, त्यांतील ६६ मापने या संचात आहेत. पोटोमॅक नदीकाठच्या फोर्ट मायर येथून निघालेला प्रकाश वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी ठेवलेल्या आरशावर आपटून परत येई, आणि या सुमारे ७.४४ किलोमीटरच्या प्रवासाला लागणारा वेळ मोजला जाई. मापने लिहिण्याच्या सोयीसाठी २४,८०० नॅनोसेकंदांपेक्षा वेळ किती जास्त किंवा कमी भरला एवढेच संचात नोंदलेले आहे, म्हणजे २८ या नोंदीचा अर्थ २४,८२८ नॅनोसेकंद असा होतो. ६६ पैकी ६४ नोंदी १६ ते ४० यांच्या दरम्यान आहेत आणि उरलेल्या दोन आहेत उणे २ आणि उणे ४४. बाकीच्या समूहापासून अशा रीतीने दूर पडलेल्या निरीक्षणाला सांख्यिकीत आउटलायर म्हणतात, आणि या संचातील बहुतेक सारा बोध या दोन नोंदींपाशीच आहे.

गणिताला हात घालण्यापूर्वी माहिती सॉफ्टवेअरने जशी वाचायला हवी तशी वाचली आहे का, हे पाहणे आवश्यक असते. आपल्याकडे लाखाची रक्कम ‘१,००,०००’ अशी स्वल्पविराम देऊन लिहिण्याची पद्धत आहे. अशा रकमांची फाइल आरमध्ये किंवा पायथनच्या पँडासमध्ये तशीच उघडली, तर तो स्तंभ संख्या म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून वाचला जातो, आणि मग सरासरी येतच नाही किंवा घाईने केलेल्या रूपांतरात स्वल्पविराम असलेल्या, म्हणजे नेमक्या मोठ्या रकमा रिकाम्या होऊन बसतात. याहून घातक प्रकार सांकेतिक आकड्यांचा आहे. माहिती उपलब्ध नसल्याची खूण म्हणून सर्वेक्षणांत ९९ किंवा ९९९ आणि हवामानविषयक फायलींत उणे ९९९ लिहिण्याची प्रथा आहे. सॉफ्टवेअरला हे कळवले नाही, तर वयाच्या स्तंभातील ९९ ही नोंद नव्व्याण्णव वर्षांची व्यक्ती म्हणून बेरजेत जाते, आणि तिचा मूळ अर्थ ठाऊक नसलेला विश्लेषक पुढे तिला आउटलायर ठरवून तिच्यावर चाचण्या चालवीत बसतो. एसपीएसएसमध्ये असे संकेत ‘मिसिंग’ या रकान्यात आधीच नोंदवून ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी.

खरोखर रिकाम्या असलेल्या नोंदींबाबतही प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वभाव वेगळा आहे. आरमधील ‘मीन’ ही आज्ञा स्तंभात एक जरी रिक्त नोंद असली तरी उत्तर म्हणून रिक्त खूणच परत करते आणि रिक्त नोंदी वगळा असे स्पष्ट सांगितल्यावरच सरासरी देते, तर पँडास आणि एक्सेल त्या नोंदी काही न बोलता वगळतात. आरचे वागणे नवशिक्याला त्रासदायक वाटते, पण ते अधिक प्रामाणिक आहे, कारण किती नोंदी गळल्या हा प्रश्न ते विश्लेषकासमोर उभा करते. पँडासमधील ‘डिस्क्राइब’ या आज्ञेच्या उत्तरात सर्वांत वरची ओळ ‘काउंट’ची, म्हणजे गणनेत धरलेल्या नोंदींच्या संख्येची असते. बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून थेट सरासरीवर जाते. वास्तविक ती ओळ आधी वाचली पाहिजे.

न्यूकॉम यांच्या संचावर आरमधील ‘समरी’ ही आज्ञा चालवली असता किमान मूल्य उणे ४४, पहिले चतुर्थक २४, मध्यक २७, सरासरी २६.२१, तिसरे चतुर्थक ३०.७५ आणि कमाल मूल्य ४० असे उत्तर मिळते. सर्व नोंदी चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारे मूल्य म्हणजे मध्यक, आणि त्याच मांडणीचे चार समान भाग पाडणाऱ्या तीन मूल्यांपैकी पहिले व तिसरे चतुर्थक अनुक्रमे खालच्या व वरच्या पाव भागाची सीमा दाखवतात. सरासरी मध्यकापेक्षा कमी आहे, यावरून खालच्या बाजूला काहीतरी तिला ओढत असल्याचा संशय येतो, आणि तो किती सार्थ आहे हे किमान मूल्य सांगते, कारण मध्यकापासून कमाल मूल्य १३ अंतरावर आहे तर किमान मूल्य ७१ अंतरावर आहे.

‘समरी’च्या उत्तरात प्रमाण विचलन नसते, ते वेगळे काढावे लागते. नोंदी सरासरीभोवती किती विखुरलेल्या आहेत याचे हे माप आहे आणि या संचासाठी ते १०.७५ येते. हेच गणित पायथनच्या नमपायमध्ये काही न सांगता केले तर उत्तर १०.६६ मिळते, कारण नमपाय विचलनांच्या वर्गांच्या बेरजेला नोंदींच्या संख्येने, म्हणजे ६६ ने भागते, तर आर आणि पँडास एकाने कमी संख्येने, म्हणजे ६५ ने भागतात. नोंदी मोठ्या समष्टीतून घेतलेला नमुना असतील तर एकाने कमी संख्येने भागणे योग्य आणि संपूर्ण समष्टीच हाती असेल तर पूर्ण संख्येने भागणे योग्य, असा हा भेद आहे. एक्सेलमध्ये यासाठी ‘एसटीडीईव्ही.एस’ आणि ‘एसटीडीईव्ही.पी’ अशी दोन स्वतंत्र सूत्रे दिलेली आहेत. ६६ नोंदींत हा फरक किरकोळ वाटतो, परंतु आठ-दहा नोंदींच्या प्रयोगात तो अहवालातील निष्कर्षापर्यंत पोहोचू शकतो.

चतुर्थकांच्या बाबतीत मतभेद आणखी पुढे गेलेला आहे. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या नऊ पद्धतींचे वर्गीकरण केले, आणि आरमधील ‘क्वांटाइल’ ही आज्ञा या नऊही पद्धतींनी उत्तर देऊ शकते. वेगळे काही न सांगितल्यास ती सातवी पद्धत वापरते. प्रस्तुत संचात त्या पद्धतीने तिसरे चतुर्थक ३०.७५ येते, एक्सेलमधील ‘क्वार्टाइल.ईएक्ससी’ने ते ३१ येते, आणि आरमधीलच बॉक्सप्लॉट काढला तर त्यातील पेटीची वरची कडही ३१ वर असते, कारण बॉक्सप्लॉट चतुर्थकांऐवजी वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांचे मध्यक वापरतो. एकाच सॉफ्टवेअरमधील तक्ता आणि आकृती यांत असा पाव एककाचा फरक दिसला, की विद्यार्थी आपले काहीतरी चुकले असे समजून तासन्‌तास शोध घेतात, प्रत्यक्षात दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात. एका अहवालात एकच पद्धत वापरणे आणि तिचे नाव देणे एवढीच दक्षता येथे पुरेशी आहे.

आउटलायर ओळखण्याचा सर्वांत प्रचलित नियम अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांच्या नावाशी जोडलेला आहे, ज्यांच्या १९७७ च्या ग्रंथाने बॉक्सप्लॉट सर्वत्र रूढ केला. तिसऱ्या आणि पहिल्या चतुर्थकातील अंतराला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. या अंतराची दीडपट पहिल्या चतुर्थकातून वजा करून आणि तिसऱ्यात मिळवून दोन कुंपणे ठरवली जातात, आणि कुंपणाबाहेर पडणारी नोंद आकृतीत वेगळ्या ठिपक्याने दाखवली जाते. न्यूकॉम यांच्या संचात हा विस्तार ६.७५ असल्यामुळे कुंपणे १३.८८ आणि ४०.८८ या ठिकाणी येतात, म्हणून उणे ४४ आणि उणे २ या दोनच नोंदी बाहेर राहतात व कमाल मूल्य ४० जेमतेम आत राहते. एसपीएसएसच्या ‘एक्सप्लोर’ या पर्यायातील आकृतीत दीडपटीबाहेरच्या नोंदीला वर्तुळ आणि तिपटीबाहेरच्या नोंदीला तारका लावली जाते, शिवाय त्या नोंदीचा ओळक्रमांकही छापला जातो, ज्यामुळे मूळ कागदापर्यंत जाणे सोपे होते.

या नियमाकडून काय अपेक्षित ठेवावे हेही समजून घेतले पाहिजे. घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणातून आलेल्या पूर्णपणे निर्दोष नोंदींपैकीही सुमारे ०.७ टक्के नोंदी या कुंपणांबाहेर पडतात, म्हणजे हजार नोंदींत सातएक ठिपके कोणतीही चूक नसताना दिसणारच. वितरण एका बाजूला लांबट असेल, जसे उत्पन्नाचे किंवा जमीनधारणेचे असते, तर ही संख्या खूपच वाढते. दैनंदिन पर्जन्यमानात तर हा नियम हास्यास्पद ठरू शकतो, कारण वर्षातील पाऊण भागाहून अधिक दिवस कोरडे असतील तर पहिले व तिसरे चतुर्थक दोन्ही शून्य येतात, आंतरचतुर्थक विस्तारही शून्य होतो आणि पाऊस पडलेला प्रत्येक दिवस आउटलायर म्हणून जाहीर होतो.

दुसरा लोकप्रिय नियम झेड-मूल्याचा आहे. नोंदीतून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागले की झेड-मूल्य मिळते, आणि ते तीनपेक्षा जास्त किंवा उणे तीनपेक्षा कमी असेल तर नोंद संशयास्पद मानावी असे अनेक पाठ्यपुस्तके सांगतात. हा नियम न्यूकॉम यांच्या संचाला लावला की उणे ४४ चे झेड-मूल्य उणे ६.५३ येते आणि ती नोंद पकडली जाते, पण उणे २ चे झेड-मूल्य उणे २.६३ येऊन ती सहीसलामत सुटते. उणे ४४ ही नोंद बाजूला ठेवून तेच गणित पुन्हा केले तर उणे २ चे झेड-मूल्य एकदम उणे ४.६९ होते. पहिल्या खेपेला ती सुटली, कारण उणे ४४ ने सरासरी खाली ओढली होती आणि प्रमाण विचलन ६.२५ वरून १०.७५ पर्यंत फुगवले होते, आणि या फुगलेल्या मापाच्या आडोशाला दुसरी नोंद लपली होती. आरोपीलाच पंच नेमण्यासारखा हा प्रकार आहे. लहान संचात तर नियमाची अडचण गणितातच दडलेली असते. नोंदींची संख्या दहा असेल तर कोणत्याही नोंदीचे झेड-मूल्य २.८५ च्या पलीकडे जाऊच शकत नाही, मग ती नोंद कितीही विपरीत असो. दहा रुग्णांच्या किंवा दहा वाफ्यांच्या प्रयोगात ‘तीनपेक्षा जास्त झेड-मूल्य आढळले नाही’ असे विधान म्हणूनच निरर्थक असते.

यावर उपाय म्हणजे ज्यावर आउटलायरचा प्रभाव पडत नाही अशा मापांनी तपासणी करणे. प्रत्येक नोंदीचे मध्यकापासूनचे अंतर काढून त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घेतला, की विखुरण्याचे एक भक्कम माप मिळते, ज्याला आरमध्ये ‘मॅड’ अशी आज्ञा आहे. प्रस्तुत संचात हा मध्यक ३ येतो, आणि प्रसामान्य वितरणाच्या प्रमाण विचलनाशी त्याची तुलना व्हावी म्हणून १.४८२६ ने गुणल्यावर ४.४५ मिळतो. या मापाने उणे ४४ ही नोंद मध्यकापासून सुमारे १६ एकके आणि उणे २ ही नोंद साडेसहा एकके दूर असल्याचे दिसते, तर ४० ही नोंद तीन एककांच्याही आत राहते. या पद्धतीत ३.५ ही मर्यादा सर्वसाधारणपणे वापरली जाते. येथेही सॉफ्टवेअर बदलताना सावध राहावे लागते, कारण आर हा गुणाकार आपोआप करून ४.४५ देते, पायथनच्या सायपायमध्ये न सांगितल्यास केवळ ३ मिळतो, आणि पँडासच्या जुन्या आवृत्त्यांत ‘मॅड’ याच नावाची आज्ञा सरासरीपासूनच्या अंतरांची सरासरी काढीत असे, म्हणजे ती वस्तूच वेगळी होती.

नियमाने नोंद ओळखली जाते, पण तिचे काय करायचे हे नियम सांगू शकत नाही. तो निर्णय नोंद कोठून आली यावरून करायचा असतो. दशांशचिन्ह सरकले, किलोग्रॅमऐवजी ग्रॅम लिहिले गेले, एकर आणि हेक्टर यांची सरमिसळ झाली, असे मूळ नोंदवहीवरून सिद्ध होत असेल तर नोंद दुरुस्त करावी. चूक निश्चित असूनही मूळ आकडा सापडत नसेल तर ती रिक्त ठरवावी. नोंद बरोबर असूनही ती अभ्यासाच्या समष्टीतली नसेल, जसे अल्पभूधारकांच्या पाहणीत एखाद्या साखर कारखान्याचे क्षेत्र शिरले असेल, तर ती वगळण्यास आधार आहे, मात्र तो आधार आकड्याच्या आकाराचा नसून व्याख्येचा आहे. खरा पेच तिसऱ्या प्रकारात पडतो, जेथे नोंद खरी असते, समष्टीतलीच असते आणि तरीही प्रचंड दूर असते.

मुंबईतील २६ जुलै २००५ चा पाऊस हे या तिसऱ्या प्रकाराचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण आहे. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याच्या वेधशाळेत तो सुमारे ७४ मिलिमीटर होता. शेजारच्या केंद्राशी न जुळणारी नोंद चुकीची समजावी असा नियम संगणकात घालून ठेवला असता, तर शहराच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठ्या पर्जन्यघटनांपैकी एक माहितीसंचातून पुसली गेली असती. हवामान खाते सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावे लिहिते, त्यामुळे फाइलमध्ये हा आकडा २७ जुलैच्या ओळीत आढळतो, आणि २६ तारखेची ओळ पाहून आकडा गहाळ आहे असे समजणाऱ्याची दुहेरी फसगत होते. गटारांची आणि नाल्यांची क्षमता ठरवणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने तर हाच आकडा सर्वांत मोलाचा आहे, उलट जुलै महिन्याचा सर्वसाधारण दिवस कसा असतो हे सांगणाऱ्याने सरासरीऐवजी मध्यक द्यावा आणि हा आकडा संचात तसाच राहू द्यावा.

खरी पण दूरची नोंद ठेवूनही तिचा अवाजवी प्रभाव कमी करण्याचे मार्ग आहेत. दोन्ही टोकांच्या ठरावीक टक्के नोंदी गणनेपुरत्या बाजूला ठेवून काढलेल्या सरासरीला छाटलेली सरासरी म्हणतात. आरमध्ये ०.१ हे छाटणीचे प्रमाण दिले की प्रत्येक टोकाच्या दहा टक्के, म्हणजे येथे सहा-सहा नोंदी वगळल्या जातात आणि सरासरी २७.४३ येते. एक्सेलच्या ‘ट्रिममीन’ला मात्र दोन्ही टोकांचे मिळून प्रमाण सांगावे लागते, म्हणून तेच उत्तर हवे असल्यास तेथे ०.२ लिहावे लागते. टोकाच्या नोंदी वगळण्याऐवजी त्यांच्या जागी छाटणीनंतर उरलेले टोकाचे मूल्य बसवण्याची पद्धतही आहे, तिला विन्सरीकरण म्हणतात. उत्पन्न, किमती यांसारख्या उजवीकडे लांबलेल्या आकड्यांसाठी लॉगरिदम घेऊन विश्लेषण करणे पुष्कळदा अधिक नैसर्गिक असते, परंतु शून्य किंवा ऋण नोंदी असल्यास तो मार्ग सरळ वापरता येत नाही.

न्यूकॉम यांच्या संचातून दोन्ही दूरच्या नोंदी वगळल्या तर सरासरी २६.२१ वरून २७.७५ होते आणि प्रमाण विचलन १०.७५ वरून ५.०८ पर्यंत, म्हणजे निम्म्याहून खाली उतरते. आजच्या स्वीकृत वेगानुसार या मापनांचे खरे उत्तर सुमारे ३३ असायला हवे होते, आणि वगळणुकीनंतरच्या सरासरीभोवतीचा ९५ टक्के विश्वासांतराळ साधारण २६.५ ते २९ एवढाच असल्यामुळे ३३ त्याच्या बाहेरच राहतो. याचा अर्थ उपकरणात किंवा पद्धतीत सर्वच नोंदींना थोडे खाली ढकलणारा दोष होता. आउटलायर काढल्याने संच नीटनेटका दिसू लागला आणि उत्तराची अचूकता वाढल्याचा भास झाला, पण तो दोष त्या ६४ शिस्तबद्ध नोंदींमध्येच होता आणि बॉक्सप्लॉट, झेड-मूल्य किंवा मॅड यांपैकी कोणत्याही साधनाला तो दिसणे शक्य नव्हते. आउटलायरच्या चाचण्यांवर सारा भर देऊन मापनपद्धतीच्या तपासणीकडे पाठ फिरवणाऱ्या कित्येक प्रबंधांना हे लागू पडावे.

व्यवहारात यासाठी मूळ फाइल कधीही बदलू नये, नोंद खोडण्याऐवजी शेजारच्या स्तंभात ‘वगळली’ अशी खूण व कारण लिहावे, आणि प्रत्येक पायरी आज्ञांच्या फाइलमध्ये साठवावी. एसपीएसएसमध्ये मेनूमधून काम करणाऱ्यांनीही ‘पेस्ट’ हे बटण दाबले की त्या कृतीची आज्ञा सिंटॅक्सच्या खिडकीत उतरते. वगळण्याचा निकष निष्कर्ष पाहण्यापूर्वी ठरवावा, कारण परिकल्पनेला अडचणीच्या ठरणाऱ्या नोंदीच नेमक्या आउटलायर वाटू लागतात. अहवालात दोन्ही उत्तरे द्यावीत, आणि त्यासाठी फार शब्द लागत नाहीत: ‘एकूण ६६ मापनांची सरासरी २६.२१ व मध्यक २७ आहे; आंतरचतुर्थक विस्ताराच्या दीडपट निकषाने आढळलेली दोन मापने (उणे ४४ व उणे २) वगळल्यास सरासरी २७.७५ व मध्यक २७.५ येतो, या दोन मापनांचे कारण उपलब्ध नोंदींवरून निश्चित करता आले नाही, म्हणून पुढील विश्लेषण दोन्ही प्रकारे दिले आहे.’